धाकटे बाबा न्यायला आले

बंद पडलेली स्नोमोबाईल सुखरूप ओढून कशी आणावी, हे माझा थोरला भाऊ जोआनासी आमच्या गावच्या रेडिओवर दर आठवड्याला सांगतो. कुणी विचारलेलं नसतं. रेडिओला कुणीही फोन लावावा आणि बोलावं, अशी उत्तर ध्रुवाजवळच्या बाफिन बेटाच्या या टोकाला रीतच आहे. कुणाला सीलचं मांस हवंय, कुणाचं पोर कुणाच्या घरी झोपलंय, कुणाचा एकच हातमोजा हरवलाय, सगळं तिथंच. दादा मात्र शिकवतो. आधी इंजिनाचा बेल्ट काढा, म्हणतो, नाहीतर ओढताना मेलेल्या इंजिनालाही ओढ बसते आणि बेल्ट जळतो. दोर पुढच्या दोन्ही स्कींच्या दांड्यांना बांधा, एकीला नको. बंद गाडीवर माणूस बसवा, ब्रेक त्याच्याकडे द्या. हळू चला आणि सारखं मागं बघा. आवाज असा लावतो की आपली गाडी चालू असली तरी जाऊन बेल्ट काढावासा वाटतो.

आता खरं सांगते. दादानं आजवर ज्या ज्या गाड्या ओढून आणल्या, त्यातली एकही पुन्हा धड चालली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बेल्ट काढायला कितीसा वेळ लागतो? तेवढाही धीर नाही. हाताला लागेल तो दोर, जवळ असेल ती स्की, गाठ मारली की स्वारी सुटली. मागं वळून बघणं त्याच्या मानेला ठाऊकच नाही. एकदा मार्कूसीची गाडी ओढायला गेला. मार्कूसी वाटेतल्या उंचवट्यावर उडून पडला, गाडी त्याच्यापुढच्या खडकात अडकली, आणि दादा गावात शिरला तेव्हा दोराच्या टोकाला नुसती एक स्की होती. संध्याकाळी त्यानं रेडिओवर जाहीर केलं की मार्कूसीला सुखरूप आणलं आहे. मार्कूसी तेव्हा समुद्राच्या बर्फावरून चालत येत होता.

तेव्हापासून कुणाची गाडी बंद पडली आणि लांबून दादा येताना दिसला, की माणूस लगेच थर्मास काढतो आणि चहा ओतून घेतो. दादानं विचारलं, काय रे, मदत हवी का, तर म्हणतो, छे छे, जरा डोंगर बघत बसलोय. आमच्या गावात डोंगर बघत कुणी बसत नाही. दादाला हे अजून कळलेलं नाही.

तोंडावर सांगणार कोण? वडीलधाऱ्या माणसाला चुकलास म्हणायचं नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. सत्तरीच्या माणसाला चूक दाखवायची तर ती त्याच्या बापानंच. आणि दादाचे बाबा त्या वेळी घरोघर पाण्याच्या टाक्या भरत फिरत होते.

आमचे थोरले बाबा, कप्पिक, जाऊन पस्तीस वर्षं होतील. ते गेले आणि त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात शेजारच्या घरी मुलगी झाली. तिला त्यांचं नाव दिलं. नाव दिलं की माणूस परत आला, संपलं. ती कप्पिक म्हणजे आमचे बाबा. मी तिला बाबा म्हणते, अहोजाहो करते, आणि ती मला पोरी म्हणते. ती चौतिशीची, कमरेपर्यंत वेणी, गावची पाण्याची गाडी चालवते. मी तिच्यापेक्षा तीस-बत्तीस वर्षांनी मोठी, माझे गुडघे कुरकुरतात. यात हसण्यासारखं काही नाही, घरोघर असंच असतं. हसण्यासारखं होतं ते दादाचं वागणं.

धाकटे बाबा पाळण्यात होते तेव्हापासून दादा रोज हजेरी लावायचा. टोपी हातात घेऊन उभा राहायचा आणि सांगायचा, बाबा, आज दोन सील मारले. मग वाट बघायचा. पाळण्यातून एक पादल्याचा आवाज यायचा. दादा म्हणायचा, थोरलेही असेच होते, फार बोलायचे नाहीत. बाबा चार वर्षांचे झाले तेव्हा दादानं स्वतः बनवलेली छोटी स्लेज, बर्फावर ओढायची घसरगाडी, त्यांच्या दारात नेऊन ठेवली. बाबांनी बघितलं, म्हणाले, वाकडी आहे. होतीच वाकडी. दादा आठवडाभर कुणाशी बोलला नाही, आणि रेडिओला तेवढीच विश्रांती मिळाली.

त्याला एक शब्द हवा होता. शाबास म्हणा, बरं केलंस म्हणा, काहीही. तो शब्द थोरल्या बाबांकडून राहून गेला होता आणि कधीपासून राहून गेला होता, हे गावात मी सोडून कुणाला माहीत नाही. सगळं जग रेडिओवर सांगणाऱ्या माझ्या भावानं तेवढं कधी सांगितलं नाही.

कुत्र्यांच्या स्लेजचे दिवस होते. दादा बारा वर्षांचा असेल, मी लहान, स्लेजवर कातड्यांत गुंडाळलेली. तळ्यांकडून खाडीकडे उतरणारा तो मोठा उतार आला की थोरले बाबा पुढं कुत्र्यांना आवरायचे आणि मागं बसलेल्यानं वालरसच्या कातड्याचा जाड फास स्लेज ज्या पट्टीवर घसरते तिच्याखाली टाकायचा. तोच ब्रेक. तो न टाकला तर स्लेज कुत्र्यांच्या अंगावर जाते. त्या दिवशी काम दादाकडे दिलं होतं, पहिल्यांदाच. थोरल्या बाबांनी हाक मारली तेव्हा दादा एका कोल्ह्याकडे बघत होता. स्लेज सुटली. म्हातारी कुत्री सगळ्यांच्या मागं धावायची, ती स्लेजखाली आली. थोरले बाबा रागावले नाहीत. आमच्याकडे पोरावर ओरडत नाहीत. त्यांनी कुत्रीला बाजूला नेलं, तिचं जे करायचं ते केलं, आणि परत येऊन दादाला एवढंच म्हणाले, "उद्यापासून तू पुढं चाल." त्यानंतर ते मरेपर्यंत दादाला मागं बसू दिलं नाही. एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आणि दादा खरंच पुढं चालत राहिला. गाड्या आल्या तरी पुढंच. सगळ्यांच्या पुढं, सुसाट, मागं न बघता.

तर या वसंतातली गोष्ट. बर्फाला भोकं पाडून मासे धरायला मी आणि दादा वरच्या तळ्यावर गेलो होतो. माझ्या गळाला दोन बोटभर पिल्लं लागली. दादाला लागला हा एवढा मासा, लाल पोटाचा, ओढून वर काढताना भोक कमी पडलं. मी म्हटलं, वहिनी खूश होणार. तो म्हणाला, वहिनीचं सोड, बाबांना दाखवतो. मासा स्लेजवर बांधला, वरून माझं पांघरूण घातलं, मला म्हणाला घट्ट धर, आणि निघाला.

आता गाडीला गार राहायला खालून उडणारा भुसभुशीत बर्फ लागतो. वाऱ्यानं तो सगळा झाडून नेला होता, तळं काचेसारखं गुळगुळीत पडलं होतं. अशा ठिकाणी गाडी दामटू नये, तापून बसते, हेही दादानंच रेडिओवर सांगितलेलं. मी मागून ओरडले, "दादा, हळू, तापेल." तो म्हणाला, "मला शिकवतेस?" पुढं तळं संपता संपता आतून कुणी खोकल्यासारखा आवाज आला, वास आला, आणि गाडी थांबली ती थांबली.

दादानं झाकण उघडलं. आत बघितलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. मी चहा केला, बिस्किटं खाल्ली, एक डुलकी काढली, त्याचं उघडझाप चालूच. मी म्हटलं, वायरलेसवर बोलव कुणाला. तो म्हणाला, वायरलेस सगळं गाव ऐकतं. मी म्हटलं, मग काय इथंच म्हातारं व्हायचं? तो म्हणाला, होईल दुरुस्त. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर इंजिन जळलं होतं. शेवटी मीच बटण दाबलं आणि म्हटलं, बाबा, ऐकताय का, आम्ही वरच्या तळ्याच्या काठी आहोत, दादाची गाडी बसली. पलीकडून सगळं गाव एकदम गप्प झाल्याचं मला ऐकू आलं. मग बाबांचा आवाज आला, "टाकी भरून होऊ दे. येते."

दुपार कलताना बाबा आपल्या स्नोमोबाईलवर आले. दादा आधीच उठून, टोपी काढून, पांघरूण बाजूला करून उभा. म्हणाला, "बाबा, मासा बघितलात?"

बाबांनी माशाकडे बघितलं नाही. "बेल्ट काढलास?"

"काढणारच होतो."

बाबांनी नुसता हात पुढं केला. दादानं निमूट झाकण उघडलं, बेल्ट काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो खिशात घातला. मग लांब दोर काढला, दोन्ही स्कींच्या दांड्यांना बांधला, मधोमध गाठ आणली, ओढून बघितली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. दादा बाजूला उभा राहून दर गाठीला म्हणत होता, अगदी बरोबर, मीही असंच सांगतो. मी तोंड फिरवून हसले.

स्लेज इथंच राहू दे, बाबा म्हणाले, उतारावर एका वेळी एकच ओझं. उद्या येऊन नेऊ. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. मासा? मासा कुठं जातोय, बाबा म्हणाले, बर्फात पुरून ठेव. एवढा मासा, आणि तो त्यांनी अजून बघितलाच नव्हता. पुरताना दादा इतका हळूहळू बर्फ लोटत होता की मला माणूस पुरतोय असं वाटलं.

निघण्याआधी त्यानं बाबांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे किती, तर मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. गाव दिसायला लागलं की आपण जागा बदलू, असं त्याचं म्हणणं. तुमच्या गाडीवर मी बसतो, माझ्या बंद गाडीवर तुम्ही बसा. लोक काय बघतात, तर पुढं कोण आणि मागं कोण. तुम्हाला काय, तुम्ही लहान आहात, तुमचं काही जात नाही. माझं रेडिओवर नाव आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

सपाटीवर दादा मेलेल्या गाडीवर बसून आला खरा, पण मागून सूचना चालूच. डावीकडून घ्या, खडक आहे. हळू. इतकं हळू नको. बाबा पुढं बघून चालवत होते आणि मला वाटतं त्यांनी कानटोपीचे दोन्ही कान खाली ओढले होते. मग उताराचा माथा आला आणि मागचा आवाज बंद झाला.

बाबांनी गाडी थांबवली, उतरून दोर तपासला. खाली खाडी दिसत होती, तिच्या पलीकडं गाव. दादा उतरून उभा होता आणि त्या उताराकडं बघत होता. तो काय बघतोय ते मला माहीत होतं. उतार तोच, खडकसुद्धा तेच.

तो म्हणाला, "बाबा, मागं मला नको. मी पुढं चालतो."

आवाज असा होता की मी चपापले. रेडिओवरचा नव्हे. बारा वर्षांच्या पोराचा. मी पटकन म्हटलं, मी बसते त्याच्या जागी, मी हलकी आहे, मला ब्रेक दाबता येतो.

बाबांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पाण्याच्या गाडीवरचं बाईमाणूस, कामाला काम म्हणणारं. म्हणाले, "नाही. गाडी ज्याची, ब्रेक त्याचा. दोर ताणलेला राहिला पाहिजे. ढिला पडला तर तुझी गाडी आमच्या पाठीत येईल. पोरी, तू माझ्यामागं त्याच्याकडं तोंड करून बस. त्यानं हात वर केला की मला ठोसा मार. चल पोरा, मागं बस."

सत्तर वर्षांचा माणूस मागं जाऊन बसला. मी उलट्या तोंडानं बाबांच्या पाठीला पाठ लावून बसले. माझे पाय त्याच्या गाडीच्या नाकासमोर, मध्ये नुसता दोर. त्याची गाडी सुटली असती तर पहिली मी गेले असते, मग बाबा. त्यालाही हे दिसत होतं. दोघांनाही दिसत होतं, आणि आम्ही एकमेकांकडं बघत होतो.

निघालो. वरच्या टप्प्याला दोर तारेसारखा होता. दादा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. एकदम आवळला तर गाडी आडवी फिरते, हेही तो रेडिओवर सांगतो, आणि पहिल्यांदाच तो स्वतःचं ऐकत होता. अर्ध्यावर खडकांच्या मधला भाग कडक निघाला. त्याची गाडी घसरली. दोर मध्येच ढिला पडला, बर्फाला टेकला, आणि गाडीचं नाक माझ्याकडं यायला लागलं. मी ठोसा मारायलाही विसरले. कोल्हा असता, पक्षी असता, काहीही असतं तरी दादानं नजर हलवली नसती. नजर दोरावर, दात दाबलेले, दोन्ही हात ब्रेकवर, सोडून, दाबून, सोडून. दोर बर्फावरून उचलला गेला. हळूहळू सरळ झाला. मग खालपर्यंत तो पुन्हा टेकला नाही.

खाडीच्या बर्फावर आल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं. मी उतरले. दादा अजून ब्रेक धरूनच बसला होता. सपाटीवर, थांबलेल्या गाडीचा. बाबांनी थर्मास काढला, पहिला कप भरला आणि मला ओलांडून त्याच्याकडं नेला. आमच्यात पहिला कप मानाचा, तो कुणाला जातो हे सगळ्यांना कळतं. मी ज्येष्ठ बाई, तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलेली, तरी मी तो जाऊ दिला.

बाबा म्हणाले, "एकदा ढिला पडला. आवरलास. बरोबर धरलास, पोरा. पुन्हा वेळ आली तर मागं तूच बस."

दादा रडला. उगाच आडून कशाला सांगू, रडला, नाकातोंडानं, चहाच्या कपात. मीही रडले. बाबा बिचारे एकदा याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, चहा एवढा कडू झालाय का? मी सांगणार होते, त्या कुत्रीचं सगळं सांगणार होते. मग म्हटलं राहू दे. ज्याला सांगायचं होतं त्याला पोचलं.

गाव जवळ आलं. ओट्याओट्यावर माणसं उभी होती. वायरलेस सगळं गाव ऐकतं ना. मार्कूसी तर खुर्ची घेऊन बसला होता. बाबांनी दादाचं म्हणणं लक्षात ठेवून गाडी हळू केली आणि मागं वळून विचारलं, बदलायची का जागा? मीही म्हटलं, "जा दादा, तुझं रेडिओवर नाव आहे."

"नको," दादा म्हणाला. "चालू दे. दोर ढिला पडेल."

आणि तसाच आला गावातून. ताठ बसलेला, दोन्ही हात ब्रेकवर, दोराकडं बघत. मार्कूसीनं काय काय तयार करून ठेवलं असेल देव जाणे, पण त्यानं उठून खुर्ची आत नेली.

दुसऱ्या दिवशी दादाचा रेडिओचा वार होता. सगळं गाव रेडिओला कान लावून. आता हा गावाला काय पटवणार, गाडी बर्फानं बिघडवली म्हणणार की सरकारनं, यावर घरोघर चर्चा झालेली. मीही स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून उभी होते. फोन लागला. मग दादा बोलला. बेल्टचं काही नाही, दोराचं काही नाही, मासाही नाही.

"काल माझी गाडी बंद पडली," तो म्हणाला. "बाबा न्यायला आले होते. मी मागं बसलो होतो. ब्रेक माझ्याकडं होता."

आणि फोन ठेवला.